एचएलए रिपोर्टात ताई 'झिरो मॅच' आलीय, हे मॅच नेमकं कशाचं असतं?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातूरहून लिहायलोय. माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, दोन्ही किडन्या गेल्यात, सव्वा वर्ष झालं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. आता संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटचं बघा म्हणलं म्हणून आम्ही दोघांनी, मी आणि ताईनं, तपासण्या केल्या. वहिनीचा रक्तगट जुळत नाही, आईला शुगर आहे, वडील नाहीत. रिपोर्ट आला त्यात माझं ३/६ आणि ताईचं ०/६. सहापैकी शून्य. काउंटरवरच्या पोरानं कागद हातात दिला आन पुढचं नाव पुकारलं, समजून सांगायला कुणाला टाईम नाही.
आता खरा त्रास पुढं आहे. ही गोष्ट घरात मावशीच्या कानावर गेली आन ती सगळ्यांसमोर म्हणली की एका आईबापाची लेकरं आन शून्य जुळतंय म्हणजे काय समजायचं? ताई दोन दिवस जेवली नाही. मला एवढंच विचारायचंय, हे मॅच करायलेत ते नेमकं काय आहे? किडनीतच असतं का सगळीकडं? आन ते अंगात असतंच कामून, दुसऱ्याची किडनी अडवायला देवानं बनवलंय का?

बिंदुसरा
मावशीला आधी डायलिसिसला बसवा चार तास.

अंबाजोगाईकर
दादासाठी प्रार्थना. माझ्या चुलतभावाचं ३/६ वरच झालंय, सहा वर्षं झाली, शेती करतोय. बाकी शास्त्र मला कळत नाही. जनआरोग्य योजनेचं मात्र दवाखान्यात विचारून ठेवा.

शंकाखोर
ह्या एचएलए बिचएलएवर माझा विश्वास नाही. पहिले लोक रक्तगट बघून किडनी देत होते. आता दहा टेस्ट, दहा बिलं. आन सख्ख्या बहिणीचं शून्य येत असंल तर लॅबनं सॅम्पल बदललंय, लिहून घ्या.

टीसेलताई
मी मूळची परभणीची, सध्या पुण्यात एका लॅबमध्ये ह्याच विषयावर काम करते. डॉक्टर आहे पण पीएचडीवाली, सुई टोचणारी नाही, त्यामुळं उपचाराचं तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टलाच विचारा. मावशीचं उत्तर आधी देते कारण ते अर्जंट आहे.

एचएलए म्हणजे आपल्या पेशींवर असणारी प्रोटीन, काम पुढं सांगते. त्यांची जीन्स सहाव्या क्रोमोसोमवर एकमेकांना खेटून असतात, म्हणून ती सहसा एक गठ्ठा म्हणूनच खाली उतरतात. वडलांकडं दोन गठ्ठे, समजा क आणि ख. आईकडं दोन, ग आणि घ. प्रत्येक लेकराला वडलांचा एक आणि आईचा एक. म्हणजे चारच प्रकार होतात, कग, कघ, खग, खघ. दादा कग असंल, तुम्ही कघ (एक गठ्ठा सारखा, म्हणून ३/६), ताई खघ. दादाशी एकही सारखा नाही. आन बघा, तुमचा आणि ताईचा घ सारखाच आहे. कुठल्याही दोन सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, अर्धं जुळायची चारात दोन, आणि काहीच न जुळायची चारात एक. शून्य येणं इतकं साधं आहे. उलट ताईचं आणि आईचं तपासलं तर अर्धं जुळणारच. हा चार घरांचा कागद काढून मावशीच्या हातात द्या.

सहा म्हणजे ए, बी आणि डीआर, ह्या तिन्हींचे प्रत्येकी दोन. आणखीही असतात, सी, डीक्यू, डीपी, पण मोजायची जुनी पद्धत सहाची.

हुरडापार्टी
लग्नाला छत्तीस गुण, किडनीला सहाच. तरी किडनीच टिकती.

मांजराकाठ
@टीसेलताई लई उपकार झाले. ताईला फोनवर वाचून दाखवलं, तिनं कागदावर क ख ग घ काढून स्वतः तपासलं, मग जेवली. पण दुसरा प्रश्न राहिला, हे अंगात कशासाठी असतं?

टीसेलताई
किडनी अडवायला नाही हे नक्की :) निसर्गात कुणी कुणाची किडनी बदलत नव्हतं. एचएलए हे ताट आहे. पेशीच्या आत जे काही शिजतंय त्याचा घास बाहेर मांडून दाखवायचं ताट.

आपल्या पेशीत सतत प्रोटीन तयार होत असतात आणि जुनी मोडत असतात. मोडायचं काम प्रोटिओसोम नावाचं मशीन करतं, आपल्या कडबाकुट्टीसारखं, एका बाजूनं अख्खा कडबा आत आणि दुसरीकडून बारीक तुकडे बाहेर. हे तुकडे म्हणजे पेप्टाइड. टॅप नावाचा पंप त्यातले काही आतल्या एका खोलीत ढकलतो, तिथं नवीन एचएलए रेणू वाट बघत असतो. त्याच्या माथ्यावर एक खाच असते, खाली सपाट तळ आणि दोन बाजूंना दोन गुंडाळलेल्या बांधासारख्या भिंती. त्या खाचेत ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा, बहुतेक वेळा ९ चाच, घट्ट बसला की ताट पेशीच्या बाहेर येतं. रिकामं ताट टिकत नाही, विस्कटतं.

बाहेर टी सेल, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, फिरत असतात. टी सेलला पेशीच्या आत डोकावता येत नाही आणि सुटं प्रोटीनही ओळखता येत नाही. त्याला ताट आणि ताटातला घास दोन्ही एकत्र दिसले तरच काहीतरी कळतं. व्हायरस आत घुसला असेल तर त्याचेही तुकडे ताटात येतात आणि मग ती पेशी मारली जाते.

जुना_मोंढा
ताई बरोबर आहे का बगा, मी आडतवाला माणूस. मोंढ्यात ट्रॉली आली की आपण काय पोते उपसून बसत नाही. टोकाची नळी पोत्यात खुपसली, मूठभर सोयाबीन बाहेर काढलं, ताटलीत पसरलं, तेवढ्यावर खरेदीदार सांगतो माती किती, ओल किती. पोतं म्हणजे पेशी, ताटली म्हणजे एचएलए, खरेदीदार म्हणजे टी सेल. नमुन्यात घाण दिसली की अख्खं पोतं रिजेक्ट.

नीटच्या_नादात
काका एक नंबर. मी इथंच लातुरात क्लासला आहे, पुस्तकात एवढंच आहे की शरीर आपलं आन परकं ओळखतं आणि सेल मिडिएटेड इम्युनिटीमुळं ग्राफ्ट रिजेक्ट होतो. कसं ओळखतं ते कुणीच सांगत नव्हतं, सर म्हणाले पेपरला येत नाही, पाठ कर.

टीसेलताई
@जुना_मोंढा दादा, हे उदाहरण मी आता माझ्या विद्यार्थ्यांना देणार, सांगून ठेवते. फक्त दोन ठिकाणी गाडी अडते.

एक, तुमच्या ताटलीत काहीही पसरतं. एचएलएच्या खाचेत काहीही बसत नाही. खाचेच्या तळात छोटे खड्डे असतात आणि तुकड्यातली ठराविक अमिनो आम्लं त्या खड्ड्यात खुंटीसारखी रुतावी लागतात. एचएलए-ए२ ला दुसऱ्या जागेवर ल्युसिन किंवा मेथिओनिन आवडतं आणि शेवटी व्हॅलिन किंवा ल्युसिन. बी२७ ला दुसऱ्या जागेवर आर्जिनिन लागतं. ह्यांना अँकर म्हणतात. मधली अमिनो आम्लं वर तोंड करून असतात, टी सेल ती चाचपतो. ही अँकरची यादी १९९१ मध्ये जर्मनीत रामेनझे यांच्या गटानं काढली.

दोन, ताटात बहुतेक वेळा आपलाच माल असतो. साध्या निरोगी पेशीवर लाखाच्या घरात ताटं असतात आणि जवळपास सगळ्यांत आपल्याच प्रोटीनचे तुकडे. मग टी सेल आपल्यालाच कामून मारत नाही? कारण छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी आहे, तिथं त्यांची परीक्षा होते. आपलं ताट अजिबात न ओळखणारे बाद, आणि आपलंच ताट-घास बघून खवळणारेही बाद. बहुतेक उमेदवार तिथंच मरतात, शंभरात जेमतेम दोन-चार बाहेर पडतात.

नीटच्या_नादात
म्हणजे नीटपेक्षा अवघड.

हुरडापार्टी
आन रिपीटला चान्स नाही.

शंकाखोर
बरं मान्य. पण मग सगळ्या माणसांची ताटं एकसारखी कामून नाहीत? एकाच कंपनीची स्टीलची ताटं असती तर मांजराकाठच्या दादाला कुणाचीही किडनी चालली असती. सृष्टीनं उगीच घोळ घातला.

टीसेलताई
हा प्रश्न ह्या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे आणि तुम्ही तो रागानं विचारलाय :) सगळ्यांची ताटं एकसारखी असती तर एखाद्या व्हायरसला एवढंच करायचं होतं, आपल्या प्रोटीनमधल्या अँकरच्या जागा बदलायच्या, म्हणजे त्याचा एकही तुकडा त्या ताटात बसला नसता आणि अख्खं गाव एका झटक्यात आंधळं झालं असतं. ताटं वेगवेगळी आहेत म्हणून तो तुमच्या ताटातून निसटला तरी शेजाऱ्याच्या ताटात सापडतो. जगभरात एचएलएचे ४०,००० च्या आसपास प्रकार नोंदवले गेलेत. आपल्या शरीरात इतकी विविधता असलेली दुसरी जीन्स नाहीत.

बिंदुसरा
कापसाचं एकच वाण सगळ्या तालुक्यात लावलं आन बोंडअळीनं सगळ्यांचंच खाल्लं, तसंच झालं की हे.

जुना_मोंढा
@बिंदुसरा बोललास.

गोदातीर
नांदेड. वर बी२७ वाचलं आन धस्स झालं. माझी कंबर सकाळी आखडते, उठल्यावर तासभर वाकता येत नाही, चाललं फिरलं की बरं वाटतं. डॉक्टरांनी एचएलए बी२७ करायला लावलं, पॉझिटिव्ह आलं. गूगल केलं तर मणका बांबूसारखा होतो म्हणे. लेकरांची पण टेस्ट करू का?

टीसेलताई
गोदातीर दादा, घाबरू नका. बी२७ आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणका आखडवणारा संधिवात) यांचं नातं १९७३ पासून माहीत आहे, पण बी२७ असलेल्या बहुतेकांना तो आजार आयुष्यभर होत नाही. म्हणून त्रास नसलेल्या लेकरांची टेस्ट करून उगाच चिंता विकत घेऊ नका. सकाळचा आखडलेपणा आणि हालचालीनं आराम, ही लक्षणं मात्र संधिवाताच्या डॉक्टरांना नीट सांगा, औषधं चांगली आहेत आणि व्यायाम सोडू नका. कारणाबद्दल मतं वेगवेगळी आहेत, कुणी म्हणतं त्या ताटात एखादा विशिष्ट तुकडा बसतो, कुणी म्हणतं बी२७ ची घडीच नीट बसत नाही आणि पेशीला ताण येतो.

सुगरण_सेलूची
मी आपली भाकरी थापणारी बाई, पण एक विचारू का. माझ्या नातीला गहू चालत नाही, सिलिॲक म्हणतात. तिच्या रिपोर्टात पण डीक्यू२ का काय लिहिलं होतं. ते ह्यातलंच का?

टीसेलताई
काकू, ह्यातलंच, फक्त दुसऱ्या जातीचं ताट. वर सांगितली ती क्लास वन, जवळपास सगळ्या पेशींवर असणारी, पेशीच्या आतला माल दाखवणारी. डीआर, डीक्यू, डीपी ही क्लास टू, ती मुख्यतः डेंड्रिटिक सेल, मॅक्रोफेज, बी सेल अशा राखणदार पेशींवर असतात आणि बाहेरून गिळलेला माल दाखवतात. क्लास वनच्या खाचेची दोन्ही टोकं बंद असतात म्हणून तुकडा आखूड. क्लास टूची टोकं उघडी, म्हणून १३ ते २५ पर्यंत लांब तुकडा बसतो आणि दोन्हीकडून लोंबतो, ताटलीबाहेर आलेल्या भाकरीसारखा. आणि आतला माल चुकून त्यात बसू नये म्हणून सुरुवातीला त्या खाचेत एक बोळा कोंबलेला असतो. योग्य ठिकाणी पोचलं की बोळ्याचा शेवटचा तुकडाही एचएलए-डीएम नावाचा मदतनीस काढून टाकतो आणि मग खरा घास बसतो.

आता गहू. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये ग्लायडिन असतं, ते आपल्याला पूर्ण पचत नाही, लांब तुकडे राहतात. आतड्यातलं एक एन्झाइम त्यातल्या ग्लुटामिनचं ग्लुटामेट करतं, म्हणजे तिथं ऋण भार येतो, आणि डीक्यू२ किंवा डीक्यू८ च्या खड्ड्यांना नेमका तसलाच भार आवडतो. तुकडा घट्ट बसतो, टी सेल खवळतात आणि आतड्याचं अस्तर खराब होतं. डीक्यू२ असून गहू पचवणारे भरपूर आहेत, पण आजार असणाऱ्या जवळपास सगळ्यांत ह्या दोनपैकी एक ताट असतं.

सुगरण_सेलूची
मग ज्वारी?

टीसेलताई
ज्वारीत ग्लुटेन नाही. बाजरी, मक्यातही नाही. फक्त गिरणीत गव्हानंतर लगेच दळून आणू नका, घरची चक्की वेगळी ठेवा.

सुगरण_सेलूची
देवा. मुंबईच्या डॉक्टरनं तिला परदेशी पाकिटं खायला सांगितली आन इथं आमच्या रानात दादर ज्वारी उभी आहे.

अंबाजोगाईकर
काकू हुरड्याला बोलवा, सगळ्यांचीच एचएलए टेस्ट तिथं करू.

नीटच्या_नादात
ताई हे सगळं शोधलं कुणी? नोबेल मिळालं असेल ना. (नोबेलची यादी पाठ करायची सवय लागलीय.)

टीसेलताई
चार-पाच जणांना नोबेल आहे ह्यात. फ्रान्सचे जाँ दॉसे यांनी १९५८ मध्ये पहिला एचएलए ओळखला, तेही कशावरून तर वारंवार रक्त घेतलेल्या पेशंटच्या सीरमवरून, त्यांच्या अंगात दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या होत्या. त्यांना १९८० ला नोबेल. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी उंदरांवर दाखवलं की एका जातीच्या उंदराचे टी सेल व्हायरस बसलेली पेशी मारतात, पण ती पेशी त्याच ताटाच्या उंदराची असेल तरच. तोच व्हायरस दुसऱ्या ताटात असला तर टी सेल ढुंकून बघत नाही. १९९६ चं नोबेल.

माझी आवडती गोष्ट १९८७ ची. पामेला ब्योर्कमन, स्ट्रॉमिंजर आणि वायली यांनी एक्स-रेनं एचएलए-ए२ ची रचना काढली आणि वरची खाच पहिल्यांदा दिसली. त्या खाचेत आधीच काहीतरी बसलेलं होतं, रेणूच्या स्वतःच्या नकाशात न बसणारं, धुकट. शुद्ध करून घेतलेल्या ताटात कुणीतरी आधीच वाढून ठेवल्यासारखं. ते पेप्टाइड होते, वेगवेगळे, म्हणून चित्र धुकट. ह्या कामाला नोबेल मिळालं नाही, मला अजून राग आहे.

जुना_मोंढा
ताई एक खोड काढतो. एखादा बेरकी शेतकरी नमुनाच काढू देत नसंल तर? म्हणजे व्हायरसनं ताटच बाहेर येऊ दिलं नाही तर?

टीसेलताई
दादा तुम्ही इम्युनॉलॉजीत यायला पाहिजे होतं. सायटोमेगॅलोव्हायरस नेमकं हेच करतो, ताटं आतच अडवून मोडून टाकतो. पण त्यासाठी एनके नावाच्या वेगळ्या पेशी गस्तीला असतात. त्यांचा हिशोब उलटा आहे, ज्या पोत्यावर नमुन्याची ताटली दिसत नाही तेच पोतं आधी फोड. गंमत म्हणजे ट्रान्सप्लांटनंतर डॉक्टर ह्याच व्हायरसवर डोळा ठेवून असतात, कारण औषधानं टी सेल दाबलेले असतात.

शंकाखोर
सगळं ऐकलं. पण मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही. दादाचा टी सेल तर फक्त दादाचंच ताट ओळखायला शिकलाय ना थायमसमधी? मग ताईचं ताट त्याला दिसायलाच नको. न दिसणाऱ्या गोष्टीवर राग कसा?

टीसेलताई
बरोबर पकडलंत. ह्यावर लोकांनी कित्येक वर्षं डोकं खाजवलंय. ताईचं ताट दादाच्या ताटापेक्षा फार वेगळं नसतं, थोडं वेगळं असतं. टी सेलची नजर ढोबळ आहे. परकं ताट त्याला 'आपलंच ताट, पण भलताच घास' असं वाटतं. आणि त्याची परीक्षा परक्या ताटांवर कधी झालेलीच नसते, त्यामुळं खवळणारे गाळले गेलेले नसतात. म्हणून एखाद्या व्हायरसच्या एका तुकड्याला ओळखणारे टी सेल लाखात एखादा, पण परक्या एचएलएवर उठणारे शंभरात एक ते दहा. रिजेक्शन जोरात येतं ते ह्यामुळं.
टॅक्रोलिमस, जे रिजेक्शन रोखायला बहुतेकांना देतात, ते टी सेलच्या आतला कॅल्सिन्युरिन नावाचा स्विच बंद करतं. ताट दिसलं तरी आरोळी ठोकता येत नाही. मूळ औषध जपानमधल्या मातीतल्या एका जीवाणूपासून निघालं.
आणि मॅच कमी म्हणजे नापास असं आता राहिलं नाही. ३/६ चांगलंच. पण ०/६ वर सुद्धा ट्रान्सप्लांट होतं, नवरा-बायकोचं तर बहुतेक वेळा कमीच जुळतं. त्याहून महत्त्वाचं क्रॉसमॅच. दादाच्या रक्तात देणाऱ्याच्या ताटाविरुद्ध अँटिबॉडी आधीच तयार आहेत का ते बघतात. त्या असल्या तर किडनी तासाभरातही जाऊ शकते. रक्त चढवल्यानं, बाळंतपणानं किंवा आधीच्या ट्रान्सप्लांटनं त्या होतात. दादांना कधी रक्त चढवलंय का?

मांजराकाठ
चढवलंय ना. मागच्या उन्हाळ्यात हिमोग्लोबिन ५ वर आलं होतं तेव्हा दोन बाटल्या. आता परत झोप गेली.

टीसेलताई
दोन बाटल्यांनी होतंच असं नाही. डॉक्टरांना तारखेसह सांगा म्हणजे ते नीट तपासतील.

बिंदुसरा
काय झालं कळवा भाऊ.

मांजराकाठ
दोन महिन्यांनी येतोय, माफ करा. मी बाद झालो. माझ्या लघवीतून प्रोटीन जायलंय आन शुगर बॉर्डरवर निघाली, डॉक्टर म्हणले तुमची तुम्हालाच जपा. आता राहिली ताई. रक्तगट ओ पॉझिटिव्ह, दादाचा बी पॉझिटिव्ह, तेवढं चालतं. क्रॉसमॅच दोनदा केला, दोन्ही वेळा निगेटिव्ह. इतकी वर्षं निगेटिव्ह शब्दानं छातीत धडकी भरायची, ह्यावेळी दाजींनी दवाखान्याच्या जिन्यातच पेढे वाटले. मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. दादाची लघवी टेबलावरच सुरू झाली म्हणे. क्रिएटिनिन ११ वरून १.४ वर आलंय. टॅक्रोलिमस सकाळी आठ आन रात्री आठ, मोबाईलवर अलार्म लावलाय, लेव्हल दर चार दिवसाला बघतेत. ताई दुसऱ्या दिवशी चालली. मावशी बघायला आली होती, ताईच्या उशाला बसून बराच वेळ पाय चेपत होती, बोलली काहीच नाही.

सुगरण_सेलूची
ताईला दोन महिने वजन उचलू देऊ नका. डोळे भरून आले.

जुना_मोंढा
भले शाब्बास.

उमरगा_रोड
नवीन सभासद. अख्खा धागा वाचला. माझ्या वडलांचं आन सख्ख्या काकांचं २/६ आलंय, ०, ३ किंवा ६ च येतं ना भावाभावात? मग २ कसं?

शंकाखोर
लॅब चुकली. वर क ख ग घ चा कागद दिलाय, त्यात दोन बसतच नाही, मी स्वतः तीनदा वाचलाय.

टीसेलताई
बसतं हो. गठ्ठे चारही वेगळे असले तरी वेगळ्या गठ्ठ्यांत काही ताटं योगायोगानं एकाच प्रकारची निघू शकतात, काही प्रकार आपल्याकडं बऱ्याच लोकांत आहेत. म्हणजे गठ्ठा एकही सारखा नाही, तरी मोजताना दोन सारखे सापडले.

शंकाखोर
म्हणजे चौथ्यांदा वाचावं लागतंय.